गौरी जेवल्या त्या आठवड्यात

माझ्या त्या वेळच्या शेवटच्या पाळीची तारीख मी कुठे लिहून ठेवली नव्हती, तरी ती सांगताना कधी अडखळले नाही. १५ ऑगस्ट २०२३. सकाळी शाळेत झेंडावंदन, सातवीच्या मुलींचं लेझीम, आणि मी ओटीपोट धरून स्टाफरूमच्या खुर्चीत बसलेली. पुढच्या चार महिन्यांत ती तारीख मी केसपेपरवर सांगितली, सोनोग्राफीच्या फॉर्मवर सांगितली, लॅबच्या चिठ्ठीवर लिहिली. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवलं आणि त्या तारखेवर बोट टेकवलं. ते सांगायच्या आधी बरंच काही सांगायचं आहे.

आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, गणित शिकवते. हे साखर कारखान्यात आहेत. थोरला मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. घर माळकरी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही.

पुढची पाळी १२ सप्टेंबरच्या सुमाराला यायला हवी होती. १९ तारखेला गणपती बसणार होते, २१ ला गौरी येणार होत्या. आमच्याकडे उभ्याच्या गौरी असतात, जेवायला तीस-चाळीस माणूस. दरवर्षी भावकीतल्या निम्म्या बायका पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून ठेवतात. मीही आणून ठेवल्या होत्या. पाळी आपणहून लांबली तेव्हा मला हायसं वाटलं. गोळी न घेता सण पार पडला. २२ तारखेला गौरी जेवल्या, पुरणपोळ्या लाटून माझे खांदे भरून आले, २३ ला विसर्जन झालं. घर आवरून, पाहुणे लावून देऊन ३० तारखेला मी टेस्ट केली. दोन रेघा आल्या. आम्हाला दुसरं मूल हवंच होतं. आमच्या डॉक्टर मॅडमनी तपासून त्याच दिवशी फॉलिक अॅसिडची गोळी सुरू केली आणि ती मी एक दिवसही चुकवली नाही. ती गोळी टेस्ट करायच्याही आधी सुरू करायची असते, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. थोरल्याच्या वेळीही असंच झालं होतं, आणि तो ठणठणीत निघाला होता.

त्या वर्षी कोजागरीला चंद्रग्रहण होतं. २८ ऑक्टोबरच्या रात्री एकच्या पुढे लागायचं होतं, पण वेध दुपारपासूनच. आटवलेलं दूध बाजूला राहिलं, दुधात चंद्र बघायचा राहिला. सासूबाईंनी मला बजावलं होतं की काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, एका जागी बसून राहायचं. संध्याकाळी मुलानं सफरचंदासाठी हट्ट धरला आणि मी त्याला एक चिरून दिलं. मधल्या घरातून सासूबाईंनी ते पाहिलं. त्या वेळी काही बोलल्या नाहीत.

६ नोव्हेंबरला बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. बाळाच्या मानेमागची जाडी मापात होती. सोबत काढलेल्या डबल मार्करचा रिपोर्टही ‘लो रिस्क’ आला. आम्ही निश्चिंत झालो, घरी सांगून टाकलं, दिवाळी आनंदात गेली. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मला फार उशिरा कळली. डबल मार्कर हा डाऊन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांचे दोष हुडकण्यासाठी असतो. पाठीच्या कण्यात उघडं राहिलेलं काही तो पाहतच नाही. हल्ली आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए तपासणारी महागडी चाचणी निघाली आहे, एनआयपीटी, तीही हे पाहत नाही. बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नसेल तर ते बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसतं. पण कण्याचा दोष त्या वयात इतका बारीक असतो की चांगल्या हातांतूनही निसटतो. म्हणून माझा त्या सोनोग्राफी करणाऱ्यांवर राग नाही. राग होता तो ‘सगळं नॉर्मल’ या दोन शब्दांवर, आणि तोही बराच काळ टिकला.

आमच्या मॅडम मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर, ८ डिसेंबरला, त्यांनी एक साधी रक्ताची चाचणी लिहून दिली. अल्फा फीटोप्रोटीन. सगळे तिला ए.एफ.पी. म्हणतात. सोमवारी, ११ तारखेला, मधल्या सुट्टीत लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर आला. ‘३.४ एम.ओ.एम.’ आणि खाली ठळक अक्षरांत ‘स्क्रीन पॉझिटिव्ह’.

पाचवा तास माझाच होता, सातवी ब. मी काय शिकवलं ते आठवत नाही.

संध्याकाळी मॅडमनी समजावलं आणि त्यातलं गणित मला लगेच कळलं. कदाचित म्हणूनच मी त्या आठवड्यात वेडी झाले नाही. वर्गातली मुलं उंचीप्रमाणे एका रांगेत उभी केली, तर बरोबर मधल्या मुलाची उंची म्हणजे मध्यक. तेवढ्याच आठवड्यांच्या हजारो गरोदर बायकांच्या रक्तातल्या ए.एफ.पी.चा मध्यक काढतात, आणि माझा आकडा त्याच्या किती पट आहे ते म्हणजे एम.ओ.एम. अडीच पटीच्या वर गेलं की पुढे तपासायचं. माझं जवळजवळ साडेतीन पट होतं. हे प्रथिन बाळाच्या यकृतात तयार होतं, त्यातलं थोडं लघवीवाटे गर्भजलात उतरतं आणि अगदी किंचित आईच्या रक्तात येतं. बाळाच्या अंगावरची कातडी कुठे उघडी असेल, तर तिथून ते जास्त पाझरतं. हा संबंध पहिल्यांदा १९७२ साली एडिंबरामध्ये ब्रॉक आणि सटक्लिफ या दोघांनी गर्भजलात दाखवून दिला.

“पण हे निदान नाही,” मॅडम पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “ही चाळण आहे. आकडा वाढलेल्या बऱ्याच जणींची बाळं धडधाकट असतात.” दिवस मोजण्यात चूक असेल तर आकडा चढतो. जुळं असेल तरी चढतो. बाळाच्या पोटाची भिंत उघडी असेल किंवा वारेत काही बिघाड असेल तरी चढतो. आईच्या वजनानुसार तो दुरुस्त करावा लागतो, म्हणून त्यांनी आधी लॅबच्या फॉर्मवरचं माझं वजन बघितलं, मग सातव्या आठवड्याची जुनी सोनोग्राफी काढून दिवस जुळवले. सगळं बरोबर होतं. १२ तारखेला गावातच सोनोग्राफी झाली. एकच बाळ, ठोके चांगले, दिवस बरोबर. म्हणजे सोपी कारणं एकेक करून संपली. “कण्याकडे मला नीट बघता येत नाहीये,” तिथले डॉक्टर सरळ म्हणाले, आणि पुण्याच्या फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाचे दोष तपासणाऱ्या, डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. वेळ मिळाली १९ तारखेची.

ते सात दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. कारखान्याचा गाळप हंगाम जोरात होता, ह्यांना रजा मिळेना. दिवसा शाळा, रात्री मोबाइल. वाचायचं नाही असं ठरवूनही वाचत होते. पाचव्या की सहाव्या रात्री सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि विचारलं, “पोरी, गिरणाच्या दिवशी तू पोराला काय चिरून दिलंवतंस?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्या घाबरल्या होत्या. पण मला तो प्रश्न इतका लागला की मी उत्तर दिलं नाही आणि पुढचे दोन दिवस आमचं बोलणं बंद. शिकलेली असून मीही मनात हिशेब करत होते. ग्रहण, सफरचंद, सुरी. शिवाय त्या पाळीच्या गोळ्या. घेतल्या नव्हत्या, पण आणल्या तर होत्या ना. लाटलेल्या पुरणपोळ्या, उचललेल्या कळशा. रात्री दोन वाजता माणूस कशाचाही संबंध कशाशीही लावतो.

१९ तारखेला पहाटे निघालो. हे, मी आणि सासूबाई. मी नको म्हटलं होतं, पण त्या गाडीत बसूनच राहिल्या. खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत कुणी बोललं नाही.

दवाखान्यात आधी फॉर्म. प्रत्येक सोनोग्राफीला ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो, ओळखपत्राची प्रत द्यावी लागते, आणि मुलगा की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही, असं लिहून सही करावी लागते. भिंतीवर तोच फलक. यापूर्वी मला त्या कागदांचा कंटाळा यायचा. त्या दिवशी मात्र सही करताना मी विचार करत होते की गर्भजल काढायची जी सुई माझ्या पोटात जाण्याची शक्यता आहे, तीच सुई एके काळी मुंबईत मुली हुडकून काढायला वापरली गेली. म्हणून तर महाराष्ट्रानं १९८८ सालीच, देशाच्या आधी, कायदा केला. हे कागद कुणाच्या तरी न जन्मलेल्या लेकींमुळे आले आहेत. तेव्हापासून मी ते नीट वाचून भरते.

तपासणीला पाऊण तास लागला. डॉक्टर बाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्या पाठीकडून सुरुवात करतील असं मला वाटलं होतं, पण त्या आधी डोक्याकडे गेल्या, आणि तिथेच बराच वेळ थांबल्या. मग पाठ. मग पाय. मग पुन्हा डोकं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, “मी जे बघतेय ते तुम्हाला दाखवते. थांब म्हणाल तिथे थांबेन.”

डोक्याचा आडवा छेद असतो, तो अंड्यासारखा गोलसर दिसायला हवा. आमच्या बाळाच्या कपाळाची हाडं दोन्ही बाजूंनी आत दबली होती, त्यामुळे तो आकार लिंबासारखा झाला होता, टोकाला निमुळता. मेंदूच्या मागचा लहान भाग, लहान मेंदू, डंबेलसारखा दोन गोळ्यांचा दिसायला हवा. तो खाली ओढला जाऊन केळ्यासारखा वाकला होता. पाठ उघडी असली की तिथून मेंदूभोवतीचं पाणी झिरपत राहतं, आतला दाब कमी होतो आणि मेंदूचा मागचा भाग मानेकडे ओढला जातो. म्हणजे पाठीचा दोष डोक्यात वाचता येतो. लंडनच्या डॉक्टरांनी १९८६ साली लिंबू आणि केळं या दोन खुणा लिहून ठेवल्या, आणि त्या आधी निसटणारी कितीतरी निदानं त्यानंतर पकडली जाऊ लागली. मला हे सगळं तिथे पडल्या पडल्या समजत होतं, आणि समजत होतं म्हणून रडू येत नव्हतं.

मग पाठ. मणके आगगाडीच्या रुळांसारखे दोन समांतर रेघांत जातात. कमरेच्या दुसऱ्या मणक्यापासून खाली त्या रेघा एकमेकींपासून फाकत गेल्या होत्या, आणि तिथे वर एक पातळ फुगा होता. दोन्ही पावलं आत वळलेली. मेंदूतल्या पाण्याच्या जागा ११ मिलिमीटर. दहाच्या आत असायला हव्यात. स्पायना बिफिडा, म्हणजे कणा मिटायचा राहून जाणं. उघडा, आणि बराच वरपासूनचा.

मी फक्त विचारलं, “त्याला दुखतंय का?” डॉक्टरांनी माझा हात धरला. म्हणाल्या, “या वयात दुखणं कळण्याइतका मेंदू तयार झालेला नसतो.”

नंतर त्यांनी आम्हा तिघांना आपल्या खोलीत बसवलं. सासूबाईंनी कुणी काही बोलायच्या आत ग्रहणाचं विचारलं. मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. उठून भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, ऑगस्टचं पान उघडलं.

“आजी, ही १५ ऑगस्ट. इथे यांची पाळी आली. साधारण चौदा दिवसांनी, २९ च्या सुमाराला, गर्भ राहिला. आता तिथून अठ्ठावीस दिवस मोजा.”

सासूबाईंनी बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. पान उलटलं. त्यांचं बोट २६ सप्टेंबरवर थांबलं.

डॉक्टरांनी टेबलावरचा एक कागद उचलून त्याच्या दोन्ही कडा वर वळवल्या आणि एकमेकींना टेकवल्या. नळी झाली. “बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा सुरुवातीला असा सपाट पट्टा असतो. तो वळून त्याची नळी होते. आधी मधून मिटते, मग डोक्याकडून, शेवटी कमरेकडून. हे सगळं अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत पुरं होतं. तुमच्या नातवंडाची नळी कमरेकडे मिटायची राहिली, ती इथे.” त्यांनी २६ वर टिचकी मारली. “आणि ग्रहण कधी होतं?”

सासूबाईंनी पुढचं पान उलटलं. २८ ऑक्टोबर. महिन्याहून जास्त अंतर.

“तवा तर गौरी-गणपती हुते,” त्या हळूच म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे बघून, “तू पोळ्या लाटत हुतीस. मी तुला दिवसभर उभी ठेवली.”

“पोळ्या लाटून हे होत नाही, आजी,” डॉक्टर म्हणाल्या. “कामानं नाही, सुरीनं नाही, ग्रहणानं नाही. काही घराण्यांत कल असतो, आईच्या अंगात फॉलिक अॅसिड किंवा बी-१२ कमी असतं, मधुमेह असतो, फिट्सची काही औषधं असतात. पुष्कळदा एक असं कारण सापडतच नाही. पण हे घडलं तेव्हा या घरात कुणाला दिवस गेल्याचंही ठाऊक नव्हतं.”

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मीही तेव्हाच पहिल्यांदा रडले.

पुढच्या गोष्टी त्यांनी एकेक करून मांडल्या, घाई न करता. अठरा आठवडे पूर्ण झाले होते. २०२१ साली कायदा बदलल्यापासून अशा दोषासाठी विसाव्या आठवड्यानंतरही, चोवीस आठवड्यांपर्यंत, दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो, त्याच्याही पुढे गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जाता येतं. पूर्वी विसाव्या आठवड्याला दार बंद व्हायचं. जानेवारी २०१७ मध्ये मुंबईतल्या एका बाईला, बाळाला कवटीच नव्हती तरी, चोविसाव्या आठवड्यात थेट सर्वोच्च न्यायालयाची परवानगी आणावी लागली होती. “तुमच्याकडे वेळ आहे. आज काही ठरवू नका,” डॉक्टर म्हणाल्या. बाळ ठेवायचं ठरवलं तर काय काय लागेल तेही त्यांनी तितक्याच वेळात सांगितलं. पोटातच पाठ शिवायच्या शस्त्रक्रियेबद्दलही सांगितलं. २०११ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ती सव्विसाव्या आठवड्याच्या आत केली, तेव्हा वर्षभरात डोक्यात शंट, म्हणजे साठलेलं पाणी उतरवून देणारी नळी, बसवावा लागण्याचं प्रमाण ८२ टक्क्यांवरून ४० वर आलं. पण त्यासाठी आईची गर्भपिशवी उघडावी लागते, बाळ अपुऱ्या दिवसांचं येण्याचा धोका असतो, आणि पुढच्या प्रत्येक बाळंतपणावर त्याचा परिणाम होतो. आम्ही ऐकून घेतलं. ती वाट आमच्या आवाक्याबाहेरची होती.

दुसऱ्या दिवशी गर्भजल काढलं. सोबत गुणसूत्रांचा दोष आहे का ते कळावं म्हणून. पुन्हा वेगळा संमतीचा फॉर्म, त्याची एक प्रत माझ्या हातात. सुई सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसत होती, रक्त काढताना दुखतं त्याहून थोडं जास्त दुखलं. वीस मिलिलिटर फिकट पिवळं पाणी. तीन दिवसांनी घाईचा रिपोर्ट आला, गुणसूत्रं ठीक होती.

धनकवडीत नणंदेकडे राहिलो, कारण २२ तारखेला लहान मुलांच्या मेंदूच्या सर्जनांना भेटायचं होतं. त्या ओपीडीच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती, तिच्या मांडीवर सहा-सात वर्षांची मुलगी. पायांना गुडघ्याखाली प्लॅस्टिकचे आधार, कानामागून मानेत उतरणारी शंटची नळी कातडीखाली दिसत होती. मुलगी बिस्किटाचा पुडा उघडायचा प्रयत्न करत होती आणि आईला मदत करू देत नव्हती. मी विचारलं नाही, तिनंच माझ्या फाइलवरून ओळखलं. तिच्या मुलीचा दोष खालच्या मणक्यांत होता, जन्मल्यावरच कळलं. पाठीचं ऑपरेशन, शंट, शंट बंद पडला म्हणून दुसरा, पायांची दोन. दिवसातून चार वेळा नळी घालून लघवी काढायची, ती आता शाळेतल्या मदतनीस बाईंनाही शिकवली आहे. मुलगी पहिलीत जाते, पाढे पाठ आहेत. मी तिला तेराचा विचारला. तिनं धडाधड म्हणून दाखवला.

“मला कुणी आधी विचारलं नाही, काय करायचं म्हणून,” ती आई म्हणाली. “बरं झालं की वाईट, मला सांगता येत नाही ताई. ही माझ्या जिवाचा तुकडा आहे. पण तुम्हाला मी काय सांगू.”

सर्जनांनी आमच्या बाळाबद्दल सांगितलं ते तिच्या मुलीपेक्षा वेगळं होतं. दोष जितका वरून सुरू होतो, तितका पायांतला जोर कमी. कमरेच्या दुसऱ्या मणक्यापासून असेल तर पुढे बहुतेक चाकाची खुर्ची लागते. डोक्यात पाणी वाढायला आधीच सुरुवात झाली होती. लघवी आणि शौचावर ताबा राहणार नव्हता. बुद्धीबद्दल खात्रीनं सांगता येत नव्हतं.

आम्ही चार दिवस बोललो, मी आणि हे. भांडलोसुद्धा. हे म्हणत होते आपण करू, कर्ज काढू. मी विचारत होते की गावात आपल्याला शंट बंद पडल्याचं रात्री दोन वाजता कोण ओळखून देणार. सासूबाईंनी एवढंच सांगितलं, “तुमी दोघं ठरवाल त्यात मी हाय.” निर्णय शेवटी माझ्याकडून आला आणि तो मी कुणाच्या दबावाखाली घेतला नाही, म्हणून इथे लिहिते. आम्ही हे इथेच थांबवायचं ठरवलं. बाकावरच्या त्या बाईवर निर्णयाची वेळ आली असती तर तिनं काय केलं असतं मला माहीत नाही, आणि तिची मुलगी बिस्किटाचा पुडा उघडत होती हे मी विसरणार नाही. या दोन्ही गोष्टी माझ्यात एकत्र राहतात.

२७ डिसेंबरला पहिली गोळी, २९ ला भरती, ३० च्या पहाटे झालं. मी बाळ पाहिलं. कमरेच्या वर, रुपयाएवढ्या जागेत, लालसर, ओलं. बाकी सगळं पुरं होतं, नखंसुद्धा. तिसऱ्या दिवशी दूध आलं. ते येईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी ते आधी सांगावं असं मला फार वाटतं. गोळी देऊन ते थांबवलं.

नंतरचे आठ महिने जाऊ देत.

२०२४ च्या गणपतीत मी नव्यानं गोळ्या सुरू केल्या. या वेळी साध्या ४०० मायक्रोग्रॅमच्या नव्हत्या, ५ मिलिग्रॅमच्या, म्हणजे बारा पटींहून जास्त. आधी असं बाळ झालेल्या बाईला पुन्हा तसंच होण्याची शक्यता शंभरात तीन-चार असते. १९९१ मध्ये जाहीर झालेल्या ब्रिटिश संशोधनात, सात देशांतल्या ३३ केंद्रांत, अशाच बायकांना दिवस राहण्याच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड दिलं, आणि ती शक्यता ७२ टक्क्यांनी घटली. आपल्याकडे ५ ची गोळी मिळते, पट्टी स्वस्त असते. हे वाचलं त्या रात्री मी खूप रागावले, कारण ज्या आठवड्यात ती गोळी पोटात असायला हवी होती, त्या आठवड्यात मी पुरण वाटत होते. दुकानदार, लग्नाची बोलणी करणारे, हळदीला येणाऱ्या बायका, सगळ्यांना मूल कधी हे विचारायला सुचतं. गोळीचं मला कुणी विचारलं नाही. माझ्या सहकारी शिक्षिकांना मी आता विचारते, नव्यानं लग्न झालेल्यांनाही, थोडं अवघड वाटलं तरी.

मॅडमनी बी-१२ तपासलं. १५८ निघालं; लॅबची खालची मर्यादा २०० होती. माळकरी घर, दूध-ताक सोडलं तर बी-१२ येणार कुठून. इंजेक्शनं घेतली. मल्टिव्हिटॅमिनच्या चार-पाच गोळ्या खाऊन फॉलिक अॅसिडचा डोस भरायचा नाही, त्यातून ए जीवनसत्त्व जास्त होतं आणि तेच बाळाला बाधतं, हेही त्यांनी बजावलं.

१८ फेब्रुवारी २०२५ ला, पाळी चुकली त्याच दिवशी टेस्ट केली. (ती आता झोळीत झोपली आहे, मी हे तिच्या शेजारी बसून लिहिते आहे, तेव्हा वाचणाऱ्यांनी फार जीव टांगू नये.) एप्रिलमध्ये पुण्याच्या त्याच डॉक्टरांकडे बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी. या वेळी त्यांनी मेंदूच्या मागच्या बाजूची एक बारीक काळी पट्टी दाखवली, पाण्याची. पाठ उघडी असेल तर ती पट्टी या वयातच मिटू लागते, हे २००९ पासून बघायला लागलेत. पट्टी होती. मेमध्ये ए.एफ.पी. ०.९२ आलं. रिपोर्ट मोबाइलवर उघडायला मला अर्धा तास लागला.

४ जून. एकोणीस आठवडे, दोन दिवस. शाळेला सुट्टी होती. ह्यांनी बाहेर थांबायचं ठरवलं, सासूबाई माझ्यासोबत आत आल्या. फॉर्मवर सही करताना त्यांनी शेजारच्या एका बाईला सांगितलं, “नीट वाचून घे गं.”

लहान मेंदू डंबेलसारखा दिसला. मी डॉक्टरांच्या आधी म्हटलं, “केळं नाही.” त्या म्हणाल्या, “नाही.” कपाळ गोल होतं. पण बाळ पाठ टेकवून, माझ्या कण्याकडे पाठ करून झोपलं होतं, आणि बाकी कितीही चांगलं दिसलं तरी पाठ बघितल्याशिवाय डॉक्टर रिपोर्ट लिहीत नाहीत. तासभर फिरून या, म्हणाल्या. आम्ही खाली गेलो, शहाळं प्यायलो, रस्त्याच्या कडेनं दोन चकरा मारल्या. सासूबाई माझ्या पोटाकडे बघून म्हणत होत्या, “फीर गं बाई, फीर.”

परत आत गेलो. बाळ कुशीवर वळलं होतं. डॉक्टरांनी मानेपासून सुरुवात केली आणि मणके मोजत खाली आल्या. दोन रेघा, शेवटपर्यंत समांतर, माकडहाडापाशी जवळ येऊन मिटलेल्या. खोलीत फक्त मशीनचा आवाज.

“डाक्टरीनबाई,” सासूबाईंनी विचारलं, “मणके समदे हायत, पण वरची कातडी? ती हाय का पुरी?”

डॉक्टरांनी पडद्यावर एका बारीक पांढऱ्या रेघेवरून बाण फिरवला, वरून खालपर्यंत, मग पुन्हा एकदा, सावकाश.

“आहे आजी. ही बघा.”